भागांचा सिनेमा काढायचाय? प्रत्येक खेपेची पट्टी वेगळी करा

गेल्या महिन्याभरात तीन जणांनी मला एकच प्रश्न विचारला, दोघं ठाण्यातले आणि एक खारघरचा, की दादा आमची गोष्ट मोठी आहे, एका सिनेमात मावत नाही, दोन भाग करू का तीन, आणि पैसे कसे उभे करायचे. प्रत्येकाला फोनवर तास-तासभर सांगितलं, मग वाटलं एकदा लिहूनच टाकू. मी स्वतः यातून गेलोय. पहिला भाग थिएटरला लागला, दुसरा अर्धा शूट होऊन पडलाय. तरीही सांगतो, गोष्ट खरंच मोठी असेल तर करा, पण मी जे उशिरा शिकलो ते तुम्ही आधी शिका.

आमची गोष्ट मिठाची होती. उरणच्या मिठागरातलं मीठ बैलांवर लादून नाणेघाटाने वर जुन्नरकडे निघालेला एक तांडा, वाटेत लुटारू, जकातवाले, पाण्याचे हाल, आणि तांड्यातला एक दहा वर्षांचा पोरगा जो सगळं बघतोय. घोडे, धूळ, बंदुका, म्हणजे आपल्या मातीतला वेस्टर्नच म्हणा. लिहायला बसलो तेव्हा दोनशे साठ पानं झाली आणि आम्ही आनंदाने ठरवलं की दोन भाग.

त्याच सुमारास हॉलिवूडचा नट-दिग्दर्शक केव्हिन कॉस्टनरच्या चार भागांच्या वेस्टर्नचं प्रकरण चालू होतं आणि मी ते अगदी रोज फॉलो करत होतो, कारण माणूस जे करत होता तेच आम्ही ठाण्यात पाचपाखाडीत बसून खूप छोट्या प्रमाणात करत होतो. त्याच्या ‘होरायझन: अ‍ॅन अमेरिकन सागा’ची कल्पना १९८८ पासूनची. २००३ च्या सुमारास एका स्टुडिओशी जमत आलेलं, ते बजेटवरून फिसकटलं. पुढे २०१२ च्या आसपास लेखक जॉन बेअर्डसोबत परत लिहायला घेतलं आणि एका सिनेमाचे चार झाले. लक्षात घ्या, एका सिनेमाला पैसे मिळाले नव्हते तेव्हा त्याने चार करायचं ठरवलं! मला ही जिद्द मनापासून आवडते. २०२२ मध्ये युटामध्ये शूटिंग सुरू केलं, सांता बार्बराची समुद्राकाठची स्वतःची जागा गहाण टाकली, खिशातले ३ कोटी ८० लाख डॉलर घातल्याचं त्याने स्वतः सांगितलं. पहिला भाग मे २०२४ मध्ये कान्सला दाखवला आणि २८ जूनला अमेरिकेत थिएटरला आला, लांबी १८१ मिनिटं. दुसऱ्या भागाची तारीख आधीच जाहीर होती, १६ ऑगस्ट, म्हणजे बरोबर सात आठवड्यांनी. तिसऱ्याचं शूटिंगही मे महिन्यातच सुरू केलेलं.

पहिल्या वीकेंडला अमेरिकेत १ कोटी १० लाख डॉलरच्या आसपास धंदा झाला. जगभराचा आकडा शेवटी साधारण ३ कोटी ८० लाखांवर थांबला, म्हणजे त्याने जेवढे स्वतःचे घातले जवळजवळ तेवढाच, आणि हे तिकीटखिडकीवरचे आकडे, त्यात थिएटरवाल्यांचा वाटा जायचाय. एका भागाचं बजेट ५ कोटी डॉलरच्या घरात सांगितलं जात होतं. रिलीजला दोन आठवडे होत नाहीत तोच दुसऱ्या भागाची १६ ऑगस्टची तारीख मागे घेतली, पहिला भाग १६ जुलैला घरबसल्या भाड्याने बघायला दिला, कारण सांगितलं की लोकांना पहिला भाग बघायला वेळ मिळू दे. दुसरा भाग सप्टेंबरमध्ये व्हेनिस फेस्टिव्हलला दाखवला, पण ठरलेल्या तारखेला थिएटरला आलाच नाही.

आता हाच माणूस १९९० मध्ये ‘डान्सेस विथ वुल्व्ज’ घेऊन आला होता. तेव्हाही वेस्टर्न कोण बघतो असं लोक म्हणायचे, तोही जवळपास तेवढाच लांब, आणि त्याला ७ ऑस्कर मिळाले. फरक काय होता? मी दोन्ही लागोपाठ बघितले. १९९० वाला संपतो तेव्हा गोष्ट संपलेली असते. ‘होरायझन’चा पहिला भाग संपतो तेव्हा शेवटी पुढच्या भागातल्या दृश्यांची एक मालिका धाडधाड येते आणि पडदा पडतो. तीन तास बसलेल्या माणसाला आपण काय बघितलं याचं उत्तर हातात मिळत नाही. मला स्वतःला त्यातला निसर्ग, ती वस्ती जळण्याची रात्र फार आवडली. पण घरी जाऊन बायकोला गोष्ट सांगता येईना. आणि बायकोला गोष्ट सांगता आली नाही तर ती सोमवारी बघायला जाणार नाही, एवढं साधं आहे ते.

म्हणून पहिलं काम पैशाचं नाहीच, कात्रीचं आहे. तुमची स्क्रिप्ट घ्या आणि पहिला भाग असा कापा की दुसरा कधीच आला नाही तरी लोक समाधानाने उठतील. आपल्याकडे दिग्पाल लांजेकरांची शिवराज अष्टक मालिका बघा, ‘फर्जंद’ २०१८ ला, ‘फत्तेशिकस्त’ २०१९ ला, ‘पावनखिंड’ २०२२ ला. मालिका आठ सिनेमांची म्हणून सांगितली, पण ‘पावनखिंड’ बघायला ‘फर्जंद’ बघितलेलाच पाहिजे असं काही नाही. एक मोहीम, एक सिनेमा. प्रेक्षक मधूनच गाडीत चढू शकतो. आमच्या मिठाच्या तांड्याचा पहिला भाग मी घाटाच्या पायथ्याशी संपवला होता, रात्र, शेकोटी, वरून गोळीचा आवाज, कट. लिहिताना अंगावर काटा आला होता. थिएटरात लोक म्हणाले, “एवढंच?” आज लिहिलं असतं तर तांडा घाट चढून वर पोचवला असता.

दुसरं काम, चार मिनिटं शूट करा. पूर्ण सिनेमाची फाईल घेऊन कोणाकडे जाऊ नका, कोणी वाचत नाही. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये काय केलं आठवा, ‘राजा हरिश्चंद्र’साठी पैसे हवे होते तर त्यांनी आधी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी करून कॅमेऱ्यात टिपली आणि तीच लोकांना दाखवली, तिच्यावर कर्ज मिळालं. विम्याची पॉलिसी आणि सरस्वतीबाईंचे दागिनेही गहाण पडले ते वेगळं. आमचं वाटाण्याचं रोप म्हणजे तुर्भ्याच्या मागच्या बाजूच्या एका बंद दगडखाणीत, परवानगी काढून, एका दिवसात केलेलं शूट. तीन बैल, एक घोडा, आठ माणसं, संध्याकाळचं ऊन. खाणीचा तुटलेला कडा मागे असा उभा राहिला की सांगितल्याशिवाय कोणाला कळत नव्हतं की कॅमेरा जरा डावीकडे वळवला तर ठाणे-बेलापूर रोडवरचे ट्रेलर दिसतील. त्या चार मिनिटांनी जे काम केलं ते सहा महिन्यांच्या मीटिंगनी केलं नव्हतं.

आता पैसे. इथे जरा थांबून वाचा.

ती चार मिनिटं मी वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमधल्या एका आडतदारांना दाखवली, मूळचे जुन्नरचे, म्हणून ओळखीने गेलो होतो. सकाळी साडेसहाची वेळ, गाळ्यात गोण्यांचा ढीग, हमालांची ये-जा, तोलाईचा आवाज, आणि शेठ गादीवर बसून माझ्या लॅपटॉपमध्ये नाणेघाट बघतायत. एकदा बघितलं, परत लावायला सांगितलं. मग समोरच्या टेबलावरची एक हिशोबपट्टी उचलून माझ्यासमोर धरली. म्हणाले, “सर, हे बघा, शेतकऱ्याचा माल दोन गाड्यांत यायचा असला तरी पहिल्या गाडीची पट्टी त्याच दिवशी होते. हमाली, तोलाई वजा करून खाली आकडा येतो. दुसरी गाडी घाटात अडकली म्हणून पहिलीचे पैसे थांबत नाहीत. तुमची पहिली गाडी पूर्ण भरलीय का अर्धी?”

मी काय उत्तर दिलं ते मला आठवत नाही, पण ती पट्टी आठवते, गुलाबी कागद, निळी शाई. शेठनी २५ लाख घातले, पण फक्त पहिल्या भागात, आणि कागदावर तसं लिहून घेतलं. बाकी दोन पार्टनरांशी मी दोन्ही भागांचा मिळून एकच करार केला, मोठी रक्कम एकदम दिसली म्हणून. परिणाम असा झाला की पहिल्या भागाचे जे काही थोडे पैसे आले त्यातला शेठचा वाटा लगेच देता आला, आणि बाकी दोघांचा हिशोब दुसरा भाग पूर्ण होईपर्यंत लटकून राहिला. चूक त्यांची नाही, कागद मी तसा केला होता. त्यामुळे माझं आता ठाम मत आहे, प्रत्येक भागाचा वेगळा करार, वेगळं बँक खातं, जमलं तर वेगळी एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी. पहिल्या भागात पैसे घालणाऱ्याला दुसऱ्या भागात आधी संधी देऊ असं लिहून द्या, पण बांधून घेऊ नका, ना त्याला ना स्वतःला.

व्याजाचे पैसे घेणार असाल तर वहीवर मांडून बघा. मला महिन्याला दोन टक्क्यांनी मिळत होते. ५० लाखांवर महिन्याला १ लाख, वर्षाला १२ लाख. एका भागाचा सिनेमा समजा दीड वर्षात लागतो, १८ लाख व्याज. दोन भाग एकदम शूट करून दुसरा अजून वर्षभराने लावला तर त्याच ५० लाखांवर ३० लाख व्याज. दोन्ही भाग एकत्र शूट केले की सेट, कपडे, कलाकारांच्या तारखा यात बचत होते हे खरंय, सगळे हेच सांगतात, पण ती बचत व्याजात जाते का ते आधी बघा. स्वतःचे किंवा व्याज नसलेले पैसे असतील तरच दोन्ही भाग एकत्र शूट करा.

घर गहाण टाकायचं का, हे सगळे विचारतात. मी टाकलं नाही, आई नको म्हणाली आणि मी ऐकलं. कॉस्टनरने टाकलं, फाळक्यांच्या घरातले दागिने गेले, त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. तुम्हाला टाकायचंच असेल तर ज्या घरात आईवडील राहतात ते नको, आणि एकाच भागासाठी, दोन्हींसाठी नको.

अजून एक, लोकांकडून हजार-हजार रुपये गोळा करायचा मोह होतो. १९७६ च्या ‘मंथन’ला गुजरातच्या ५ लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी २ रुपये दिले होते, ही गोष्ट ऐकली की प्रत्येकाला तसंच करावंसं वाटतं. करा, पण त्या बदल्यात तिकीट, पोस्टर, श्रेयनामावलीत नाव असं काहीतरी द्या. “इतके टक्के परत देतो” असं कुठेही लिहू नका, बोलू नका. अनियमित ठेवींवर बंदी घालणारा कायदा २०१९ पासून आहे आणि तो गंमत नाही. आधी सीएकडे जा, मगच लोकांकडे.

सरकारी अनुदानाबद्दल. मराठी सिनेमाला राज्य सरकारचं अर्थसाहाय्य आहे, ‘अ’ दर्जाला ४० लाख, ‘ब’ दर्जाला ३० लाख, गोरेगावच्या चित्रनगरीतून महामंडळ ते बघतं. पण ते सिनेमा पूर्ण होऊन, सेन्सॉर होऊन, समितीने बघून मग येतं. म्हणजे या पैशाने शूटिंग होत नाही, झालेलं कर्ज थोडं कमी होतं. बजेटच्या कागदावर ते उत्पन्नात धरूच नका, आले तर दिवाळी.

आता थिएटरचं गणित, कारण इथेच सगळ्यांचा अंदाज चुकतो. तिकीट २०० रुपये. शंभरच्या वर १८ टक्के जीएसटी, तो काढला की १६९ रुपये राहतात. मल्टिप्लेक्सशी निर्मात्यांचा २००९ मध्ये वाट्यावरून वाद झाला, त्यानंतर जे ठरलं त्यात पहिल्या आठवड्यात निर्मात्याच्या बाजूला ५० टक्के, दुसऱ्यात साडेबेचाळीस, तिसऱ्यात साडेसदतीस, नंतर ३०. मी त्याच हिशोबाने कागद केला होता. तर १६९ चे अर्धे साधारण ८५. त्यातून डिस्ट्रिब्युटरचं १० टक्के कमिशन, उरले ७६. आमच्या पहिल्या भागाला पब्लिसिटी धरून १ कोटी ८० लाख लागले होते. भागा ७६ ने. २ लाख ३६ हजारांच्या आसपास तिकिटं, आणि ती सुद्धा सगळी पहिल्या आठवड्यात विकली गेली तर, दुसऱ्या आठवड्यापासून तुमचा वाटा कमी होत जातो. वर प्रत्येक स्क्रीनला व्हीपीएफ, म्हणजे डिजिटल प्रोजेक्शनसाठी निर्मात्याने द्यायचा आकार आहे, तो धरलेलाच नाही. हा आकडा लिहून भिंतीवर चिकटवा. मग ठरवा की बजेट किती ठेवायचं, आणि ओटीटी आणि सॅटेलाईट, म्हणजे टीव्हीच्या हक्कांचं बोलणं थिएटरच्या आधी करायचं की नंतर. माझ्या मते आधी. थिएटरला पडल्यावर भाव निम्मा होतो.

परवानग्यांचं थोडक्यात सांगतो पण गंभीरपणे घ्या. घोडा, बैल, कुत्रा काहीही कॅमेऱ्यासमोर येणार असेल तर शूटिंगच्या आधी भारतीय पशु कल्याण मंडळाची परवानगी लागते, प्राण्याची नोंदणी, डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट, सगळं. शूट झाल्यावर कागद करू म्हणाल तर सेन्सॉरला अडकाल. घोडा तोंडावर पाडण्याचे जुने सीन डोक्यात असतील तर विसरा, ते व्हीएफएक्सने करा किंवा कॅमेरा स्वाराच्या चेहऱ्यावर ठेवा, आम्ही तेच केलं आणि खरं सांगतो, जास्त परिणाम झाला. येऊरच्या जंगलात परस्पर कॅमेरा लावू नका, ते राष्ट्रीय उद्यानाचं क्षेत्र आहे. आणि प्रत्येक भागाला सेन्सॉर सर्टिफिकेट वेगळं लागतं. टायटलही दोन्ही भागांची एकाच वेळी रजिस्टर करून ठेवा.

रिलीजचं. आमच्या पोस्टरवर खाली मोठ्या अक्षरात होतं, भाग पहिला, आणि ट्रेलरच्या शेवटी दुसऱ्या भागाचा महिना. तो मी आग्रहाने टाकलेला, लोकांना वाटावं की मोठं काहीतरी चाललंय. झालं उलटं. माझ्या आत्याने, सख्ख्या आत्याने, नौपाड्यातल्या घरी बसून मला सांगितलं की “अरे दोन्ही आले की एकदमच बघू, अर्धवट कशाला बघायचं.” आत्या असं म्हणते म्हणजे आख्खं ठाणं असंच म्हणत असणार. कॉस्टनरच्या सात आठवड्यांच्या अंतराचं मला तेव्हा कळलं की तिथेही हेच झालं असेल, दुसरा भाग दारात उभा दिसला की पहिल्याची घाई कोणाला राहते. तेव्हा पोस्टरवर आकडा टाकू नका. दुसऱ्याची घोषणा पहिला चालल्यावर करा, नाही चालला तर कोणाला सांगायची गरजही पडत नाही.

आम्हाला ४६ स्क्रीन मिळाल्या, शो मिळाले सकाळी सव्वानऊचे आणि दुपारी साडेतीनचे. मंगळवारपर्यंत नऊ स्क्रीन उरल्या. डिस्ट्रिब्युटरने तोंडी सांगितलेलं संध्याकाळच्या शोचं, कागदावर नव्हतं. म्हणून शोची वेळ करारात लिहा, निदान ठाणे, वाशी, कल्याण, पुणे इथल्या पाच-सहा ठिकाणी संध्याकाळी सहा ते नऊमधला एक शो असं नाव-गाव घालून. कमी स्क्रीन घ्या पण बऱ्या वेळेच्या घ्या. आज परत करायचं झालं तर मी १२ स्क्रीनवर लावेन, आणि जुन्नर, नारायणगाव, उरण इथे स्वतः जाऊन लावेन, कारण आमची गोष्ट तिथली होती आणि तिथल्या माणसांनीच शेवटपर्यंत बसून बघितली. उरणला एक आजोबा शो संपल्यावर थांबले होते, मिठागरात आयुष्य काढलेले, त्यांनी मला सांगितलं की मीठ ओढायची फळी आम्ही उलटी धरली होती. दुसऱ्या भागाच्या शूटला ती दुरुस्त केली.

आणि दुसरा भाग थांबला तर काय करायचं, कारण बहुतेकांचा थांबणारच. रशेस, म्हणजे शूट केलेलं कच्चं फुटेज, दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा, एक सेट माझ्याकडे पाचपाखाडीला कपाटात, एक एडिटरकडे खारघरला, आणि दर सहा महिन्यांनी हार्ड डिस्क लावून फाईली उघडतात का बघायचं, नुसतं कपाट उघडून डिस्क जागेवर आहे बघून समाधान मानायचं नाही. कपडे, खोगिरं, गोण्या विकू नका, कोरड्या जागेत टाका, आमच्या निम्म्या गोण्यांना पहिल्याच पावसाळ्यात बुरशी लागली. कलाकारांना दर दोन-तीन महिन्यांनी स्वतः फोन करा, काम नसलं तरी, खरी परिस्थिती सांगा. त्यांना बाहेरून कळलं तर तारखा परत मिळत नाहीत.

सगळ्यात अवघड लहान पोरांचं. आमच्या तांड्यातला तो दहा वर्षांचा पोरगा कळव्याचा, गेल्या गणपतीत घरी आला होता तर माझ्या खांद्याला लागला, आवाज फुटलाय, ओठावर लव आलीय. जुन्या शूटला जोडून पुढचे सीन करणं आता शक्य नाही. दोन रात्री झोप लागली नाही, मग स्क्रिप्ट काढली आणि दुसऱ्या भागाची सुरुवात चार वर्षांनी केली. तांडा परत त्याच घाटाखाली आलाय, शेकोटी तीच, पण या वेळी पहाऱ्याला तो पोरगा उभा आहे. अर्धं झालेलं शूट त्याच्या आठवणींमध्ये बसतंय. ती पानं घेऊन पुढच्या आठवड्यात शेठकडे जाणार आहे, सकाळी साडेसहाला, आणि या वेळी आधीच सांगणार आहे की गाडी पूर्ण भरलेली आहे.